गिअरबॉक्सचे फाउंडेशन ठोस की रबरी: यवतमाळ जिल्ह्यातील एका स्पोर्ट्स कारचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा आणि वणी यांच्या दरम्यानच्या एका गावात घरचा जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय असलेल्या तिशीतल्या एका गृहस्थांनी हैदराबादहून जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ओळख पटू नये म्हणून गावाचे, माणसांचे आणि गाडीच्या मॉडेलचे नाव येथे दिलेले नाही. तांत्रिक बाजू समजण्यासाठी लागते तेवढेच सांगतो. गाडी दोन आसनी आहे. पुढे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्याला मागून जोडलेला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि तेथून एकसंध प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांना ताकद, अशी तिची रचना आहे. इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६० न्यूटन मीटरच्या आसपास आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी जोडलेले असल्याने दोन्ही मिळून एकच धड होते आणि ते तीन ठिकाणी टेकते: इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक फाउंडेशन (धड ज्यावर बसते तो आधार) आणि गिअरबॉक्सच्या शेपटाखाली, म्हणजे मागच्या टोकाखाली, क्रॉस मेंबर या आडव्या पट्टीवर तिसरे. वाद या तिसऱ्या फाउंडेशनचा होता.

गाडी रोजच्या वापरातली होती, हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. मालक कामानिमित्त राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूरला नियमित जात; एका बाजूचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. महामार्ग उत्तम आहे, पण घरापासून महामार्गापर्यंतचा तुकडा काळ्या मातीतून जातो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दोनचार वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर गाडीची चारही चाके एका पातळीत क्वचितच असतात आणि बॉडीला सतत थोडा पीळ बसत राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे एसी लावून गाडी आयडलवर उभी ठेवणे हेही येथे नेहमीचे असते. फाउंडेशनचा निर्णय या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊनच करायला हवा होता.

अडचण

गाडी घेतल्यानंतर थोड्याच आठवड्यांत दोन तक्रारी सुरू झाल्या. जोरात रेस देत दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना दांडा अडखळे आणि कधी कधी गिअर पडतच नसे. शिवाय ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की गाडीच्या पोटाखालून ‘धप्’ असा आवाज येई. सावकाश चालवताना दोन्ही तक्रारी जवळजवळ नाहीशा होत. जोर लावल्यावरच दिसणाऱ्या अशा तक्रारीत पहिला संशय आधारांवर जायला हवा, कारण गिअरबॉक्सच्या आतला सिंक्रोनायझर (गिअर पडताना चक्रांचे वेग जुळवणारा भाग) झिजलेला असेल तर तो सहसा सावकाश चालवतानाही थोडीफार जाणीव करून देतो.

तालुक्याच्या गावातले एक अनुभवी मिस्त्री या गाडीचे काम पाहत. त्यांनी गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, गिअरबॉक्सखाली टॉमी (पहारीसारखी सळई) लावून उचकटून पाहिले आणि मागच्या फाउंडेशनचे रबर धातूपासून सुटलेले त्यांना आढळले. येथपर्यंतचे निदान बरोबर होते. मात्र तपासणी तेथेच थांबली. इंजिनाची पुढची दोन फाउंडेशन एक्झॉस्टच्या आड असल्याने आणि ती पाहायला खालचे कव्हर व उष्णतारोधक पत्रा काढावा लागत असल्याने ती पाहिली गेली नाहीत.

पहिला निर्णय: ठोस ठोकळा

मूळ रबरी फाउंडेशन मागवायला दोन महिने लागतील असे नागपूरहून कळले. त्याच सुमारास मालकांच्या हैदराबादच्या एका मित्राने, जो स्वतः ट्रॅकवर गाडी चालवतो, सल्ला दिला की रबर लावूच नये. ठोस फाउंडेशन लावले की गिअर लोण्यासारखा पडतो आणि पुन्हा फाटण्याचा प्रश्न राहत नाही. जिनिंगच्या यंत्रांचे रोलर आणि शाफ्ट ज्या लेथवर दुरुस्त होतात, त्याच लेथवर जुन्या फाउंडेशनच्या मापाने ॲल्युमिनियमचा ठोकळा तयार झाला. खर्च अगदी किरकोळ आला आणि दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर होती.

या निर्णयाला केवळ उतावीळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मूळ सुटा भाग लवकर मिळत नव्हता, गाडी उभी ठेवणे परवडत नव्हते आणि ज्याच्या हाताखालून अधिक अचूकतेची कामे गेली आहेत असा टर्नर हाताशी होता. शिवाय गिअर खरोखरच सुधारला. या गाडीत गिअरच्या दांड्याचा पुढचा आधार गिअरबॉक्सवर आणि मागचा बॉडीवर आहे. फाटलेल्या फाउंडेशनमुळे गिअरबॉक्स बॉडीच्या तुलनेत हलला की दांड्याची खाच सरकते आणि तिसरा गिअर चुकतो. शेपूट घट्ट बांधल्यावर ही हालचाल थांबली. लक्षण गेल्यामुळे उपाय बरोबर असल्याची सर्वांची खात्री पटली.

पुढच्या महिनाभरात मात्र तीन नव्या गोष्टी जाणवू लागल्या. आयडलला गिअरचा दांडा, आरसा आणि दाराचे पॅनेल थरथरू लागले. महामार्गावर शंभरच्या वेगाला केबिनमध्ये एक सलग घुमणारा आवाज भरून राहू लागला. आणि गिअरबॉक्सच्या शेपटाजवळ तेलाचा ओलावा दिसू लागला. मालकांचे वडील तपासणीसाठी नागपूरला याच गाडीने जात, ते परत आल्यावर म्हणाले, “याच्यात बसून नागपूरले जाणं म्हंजे दिवसभर जिनिंगमधी बसल्यासारखं हाय.” मिस्त्रींनी मला फोन केला तेव्हा त्यांनी प्रश्न फार नेमका मांडला: “सर, गिअर तं बरोबर पडून राह्यला, पण गाडी काहून बोंबलते थे समजून नाही राह्यलं.” मी मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो आणि परिसरातल्या गॅरेजना अडल्यानडल्यास मदत करतो, या प्रकरणात माझा सहभाग येथून सुरू झाला.

पुन्हा केलेली तपासणी

पहिली चाचणी बॉनेट उघडून केली. मिस्त्री स्टिअरिंगवर बसले, पायाचा आणि हाताचा ब्रेक पूर्ण लावला, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडला आणि मी बाजूला उभा राहून इंजिन पाहिले. ही चाचणी करताना गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये. समोरून पाहता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणून जोर आला की इंजिनाचे धड उलट दिशेने पिळले जाते आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. या गाडीत ती बोटभर उचलली गेली आणि क्लच दाबताच आदळून खाली बसली. ‘धप्’ आवाजाचे मूळ हेच होते. खालचा पत्रा काढल्यावर डावे इंजिन फाउंडेशन वरपासून चिरलेले दिसले आणि आतला द्रव गळून त्याचा काळपट ओघळ ब्रॅकेटवर सुकलेला होता. हे फाउंडेशन द्रव भरलेल्या प्रकारचे असते. द्रव गेल्यावर उरलेले रबर एकट्याने भार घेऊ शकत नाही. उजवे फाउंडेशन शाबूत होते, पण दबलेले होते.

म्हणजे पुढे सैल आणि मागे ठोस, अशी स्थिती तयार झाली होती. ती का धोक्याची आहे हे आकड्यांत पाहिले तर पटकन समजते. पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे ३.८ धरले, तर ३६० न्यूटन मीटरचे इंजिन प्रॉपेलर शाफ्टवर जवळपास १,३७० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या धडावर येतो. इंजिनाची दोन फाउंडेशन एकमेकांपासून सुमारे अर्धा मीटर दूर आहेत. एवढ्या अंतरावर हा पीळ पेलायला प्रत्येक बाजूला साधारण २८० किलो वजनाइतका जोर पुरतो. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे दोन बोल्ट मात्र एकमेकांपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर आहेत. तोच पीळ त्यांच्यावर पूर्णपणे आला, तर प्रत्येक बोल्टवर १,४०० किलोच्या घरात जोर येईल. प्रत्यक्षात तो कधीच पूर्ण येत नाही, परंतु पुढची फाउंडेशन जितकी ढिली आणि मागचे जितके ताठ, तितका त्याचा वाटा मागे सरकतो. गिअरबॉक्सच्या शेपटाचे कान, म्हणजे ज्यांत हे बोल्ट बसतात ते बाहेर आलेले भाग, शेपूट उचलून धरण्यासाठी ओतलेले असतात. पीळ थोपवणे हे त्यांचे काम नाही.

ओलाव्याचे कारण शोधण्यासाठी शेपूट स्वच्छ धुऊन, सुकवून डाय पेनिट्रंटने, म्हणजे बारीक चिरा दाखवणाऱ्या रंगाने, तपासले. लाल द्रव फवारून थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर दिला. डाव्या कानाच्या मुळाशी, जेथे तो नळीसारख्या भागाला मिळतो, त्या पांढऱ्या थरातून केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटत गेली. तिची लांबी करंगळीच्या एका पेरापेक्षा थोडी कमी भरली. गाडीचा आधीचा इतिहास माहीत नसल्याने ही चीर ठोकळ्यामुळेच पडली असे शपथेवर सांगता येणार नाही. पण चिरेची जागा, तिची दिशा आणि ओलावा सुरू झाल्याची वेळ या तिन्ही गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवत होत्या.

तिसरी गोष्ट उंचीची. टर्नरने माप घेतले ते गाडीतून काढलेल्या, म्हणजे भार नसलेल्या रबराचे. रबर गिअरबॉक्सच्या वजनाखाली काही मिलिमीटर दबते, ॲल्युमिनियम दबत नाही. त्यामुळे शेपूट सुमारे ५ मिलिमीटर वर उचलले गेले होते. इंजिन फाउंडेशनपासूनचे ९०० मिलिमीटर अंतर धरले तर हा फरक ०.३ अंशांचा होतो. प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे (वळणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांना जुळलेले असावे लागतात. ते बिघडले की शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा कंप निर्माण होतो. ०.३ अंश हा फरक स्वतंत्रपणे मोठा नाही आणि रबर असते तर तो जाणवलाही नसता. येथे तो थेट बॉडीत उतरत होता.

घुमणाऱ्या आवाजाचा हिशेबही यात बसला. शंभरच्या वेगाला या गाडीचा शाफ्ट मिनिटाला सुमारे २,९७० फेरे घेतो, म्हणजे क्रॉसचा दुप्पट कंप सेकंदाला साधारण ९९ वेळा. त्याच वेळी सहाव्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २,३५० फेऱ्यांवर असते आणि सहा सिलिंडरमुळे प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला ११७. दोन्ही कंप शेजारी-शेजारी आणि दोन्ही गिअरबॉक्सच्या बोगद्याच्या (केबिनच्या तळाला गिअरबॉक्सवर असलेल्या उंचवट्याच्या) पत्र्याला घुमवणाऱ्या पट्ट्यात. नागपूरच्या प्रवासात मालक नेमके याच वेगाला तासन्‌तास असत.

विचारात घेतलेले पर्याय

ठोस ठोकळा तसाच ठेवून फक्त इंजिन फाउंडेशन नवी बसवावीत, असा पहिला विचार मालकांच्या मनात होता, कारण गिअरमधली सुधारणा त्यांना गमवायची नव्हती. मी याला स्पष्ट विरोध केला. जुन्या जाणत्या मेकॅनिकांमध्ये एक क्रम पाळला जातो आणि तो मला योग्य वाटतो: गिअरबॉक्सचे फाउंडेशन इंजिनाच्या फाउंडेशनपेक्षा ताठ कधीही असू नये. इंजिन ठोस आणि गिअरबॉक्स रबरावर, हे चालते. दोन्ही रबरावर, हे उत्तमच. इंजिन रबरावर आणि गिअरबॉक्स ठोस, हे तोडफोडीला आमंत्रण आहे. तिन्ही ठोस केले तर गिअरबॉक्सची पेटी बॉडीचा एक भाग बनते आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर बॉडीला बसणारा प्रत्येक पीळ ती अंगावर घेते. ज्या गाड्यांना आतून रोलकेज घालून बॉडी ताठ केलेली असते आणि ज्या गुळगुळीत ट्रॅकवरच पळतात, त्यांच्यासाठी ठोस फाउंडेशनला अर्थ आहे. हैदराबादच्या मित्राचा सल्ला त्याच्या गाडीसाठी खोटा नव्हता. त्याचे रस्ते निराळे होते.

दुसरा पर्याय जुन्या फाउंडेशनच्या पोकळ्यांत द्रव पॉलियुरेथेन ओतून ते भरण्याचा होता. पोकळ्या शाबूत रबरात भरायच्या असतात. येथे रबर धातूपासूनच सुटले होते, त्यामुळे हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय तयार पॉलियुरेथेन फाउंडेशनचा. मूळ रबराची कठीणता शोअर ए मापावर साधारण ५०-६० असते, तर बाजारातली पॉलियुरेथेन फाउंडेशन ७० ते ९५ पर्यंत मिळतात. तेल लागले तरी पॉलियुरेथेन नैसर्गिक रबराइतके लवकर खराब होत नाही आणि त्याला थोडी का होईना लवचिकता असते. पण एक हिशेब मालकांना कागदावर मांडून दाखवावा लागला. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची वारंवारता साधारण १२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२ वेळा, धरली, तर सुमारे १७ हर्ट्झच्या वरचे कंप फाउंडेशन अडवू लागते. आयडलला ७०० फेऱ्यांवर सहा सिलिंडरचा कंप ३५ हर्ट्झचा असतो, म्हणजे तो भरपूर अंतर राखून अडवला जातो. सगळी फाउंडेशन चौपट ताठ केली, तर डोलण्याची वारंवारता दुप्पट, म्हणजे २४ हर्ट्झ होते आणि अडवण्याची सुरुवातच ३४ हर्ट्झपासून होते. मग आयडलचा कंप अगदी उंबरठ्यावर येतो. एसी लावून फाटकावर उभे राहणाऱ्या गाडीसाठी हा फरक सहन करण्याजोगा नाही. याउपर, एक्झॉस्टच्या जवळ सतत ८०-९० अंशांच्या वरची उष्णता पॉलियुरेथेनलाही मानवत नाही.

चौथा पर्याय मूळ रबरी फाउंडेशन तिन्ही ठिकाणी नवे बसवण्याचा. खर्च सर्वांत जास्त, कारण द्रव भरलेली दोन इंजिन फाउंडेशन गिअरबॉक्सच्या फाउंडेशनच्या कित्येक पट महाग असतात, आणि सुटे भाग येईपर्यंत थांबणे भाग होते.

प्रत्यक्ष केलेली कामे

ठोस ठोकळा त्याच दिवशी काढून टाकला. गाडी उभी करण्याची शिफारस मी केली आणि मालकांनी ती मान्य केली. कापसाचा हंगाम सुरू होता आणि नागपूरच्या फेऱ्या दुसऱ्या गाडीने कराव्या लागल्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

चिरेचे काय करायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता. शेपटाचे नवे ओतीव घर (बाहेरचे कवच) मागवणे हा निर्धोक मार्ग होता, पण त्यासाठी आणखी बराच काळ आणि पैसा लागणार होता. वेल्डिंग केले तर तेल शोषलेल्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागावर ते नीट धरेलच याची हमी नव्हती. चीर लहान होती, बेअरिंगच्या जागेपासून दूर होती आणि तिची दोन्ही टोके स्पष्ट दिसत होती. या तीन कारणांवरून वेल्डिंगचा निर्णय घेतला. मिस्त्रींचे मत नवे घर घेण्याचे होते आणि त्यांच्या मताला वजन होते. शेपटाचे घर उतरवून, आतून-बाहेरून धुऊन, चीर व्ही आकारात कोरून, भाग आधी तापवून नागपूरच्या एमआयडीसीतल्या एका कुशल कारागिराकडून टिग वेल्डिंग करून घेतले. थंड झाल्यावर फाउंडेशन टेकण्याचा पृष्ठभाग तपासला तेव्हा तो किंचित वाकलेला निघाला. तो मशीनवर सपाट करून घेतला. ही पायरी अनेकदा राहून जाते आणि मग नवे फाउंडेशन पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत बसते. पुन्हा डाय पेनिट्रंट केले, रेघ दिसली नाही.

सुटे भाग आल्यावर बसवण्याचा क्रमही ठरवून घेतला. तिन्ही फाउंडेशनचे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, जॅक काढून धडाचे पूर्ण वजन रबरावर येऊ दिले, इंजिन सुरू करून थोडा वेळ आयडलवर ठेवले, बंद केले आणि त्यानंतरच कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळले. धड लटकत असतानाच बोल्ट आवळले तर रबर कायम एका बाजूला ओढलेले राहते आणि त्याचे आयुष्य घटते. मिस्त्रींनी याच वेळी दांड्याच्या मागच्या आधाराचे बुश बदलले. ते किरकोळ किमतीचे होते, पण पूर्ण झिजलेले निघाले, आणि तिसरा गिअर चुकण्यात त्याचा वाटा किती मोठा होता हे नंतर लक्षात आले.

निष्पत्ती

पहिल्याच फेरीत ‘धप्’ आवाज गेला होता, आयडल शांत झाले होते आणि जोरात रेस देऊनही तिसरा गिअर पडत होता. शंभरच्या वेगाचा घुमणारा आवाज नाहीसा झाला. फोनमधल्या कोनमापकाने गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे कोन तपासले, ते पुन्हा जुळले होते.

तरीही मालकांना ठोकळ्याच्या दिवसांतला दांड्याचा तो घट्टपणा आठवत राहिला. काही महिन्यांनी त्यांनी शोअर ७० चे पॉलियुरेथेन फाउंडेशन मागवले आणि फक्त गिअरबॉक्सखाली लावून पाहण्याची इच्छा व्यक्त केली. माझा कल याला नव्हता, कारण वर सांगितलेला क्रम यातही मोडत होता आणि कान नुकताच वेल्ड केलेला होता. परंतु इंजिन फाउंडेशन आता नवी होती आणि ७० ची कठीणता ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी सौम्य होती, म्हणून काही आठवड्यांच्या चाचणीला मी संमती दिली. अट एकच घातली, की महामार्गावर पूर्ण जोर लावून गाडी काढायची नाही.

फरक दोन्ही बाजूंनी दिसला. दांडा खरोखर किंचित नेमका वाटत होता. मात्र नव्या बुशमुळे आधीच मिळालेल्या सुधारणेच्या तुलनेत ही भर लहान होती. आयडल बऱ्यापैकी शांत राहिले. पण २,३०० ते २,४०० फेऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे शंभरच्या वेगाला, बोगद्यातून पुन्हा एक मंद घुमारा येऊ लागला. ठोकळ्याच्या मानाने तो निम्माही नव्हता, तरी नागपूरला पोचेपर्यंत डोके जड होई असे मालकांनीच सांगितले. त्यांनी ते फाउंडेशन स्वतःहून काढायला लावले आणि मूळ रबरी पुन्हा बसवले. मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो, कारण तो कोणाच्या सांगण्यावरून न होता स्वतःच्या रस्त्यावर, स्वतःच्या वेगाला अनुभव घेऊन झाला. वडिलांचे मत त्यात धरले गेले, हेही विशेष.

त्यानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला आहे. वेल्डच्या जागी तेलाचा ओलावा नाही, आणि गिअरबॉक्सचे तेल बदलताना केलेल्या डाय पेनिट्रंटमध्येही काही आढळले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी खालचा पत्रा काढला असता तर पुढचे बहुतेक टळले असते. तीन फाउंडेशनपैकी एक फाटलेले सापडले की उरलेली दोन पाहणे आवश्यकच असते, कारण एक निकामी झाले की त्याचा भार इतरांवर येतो. किंबहुना गिअरबॉक्सचे रबर सुटण्याचे कारणच डावे इंजिन फाउंडेशन असावे. बॉनेट उघडून केलेल्या चाचणीला पाच मिनिटे लागतात आणि कोणताही भाग उघडावा लागत नाही. ती आधी झाली असती तर लेथवर जाण्याची वेळच आली नसती.

सुटा भाग येईपर्यंत गाडी चालवणे अपरिहार्य होते असे मानले, तरी तात्पुरता उपाय ठोस ठोकळ्याहून सौम्य असू शकला असता. त्याच टर्नरकडून वरखाली दोन पोलादी पट्ट्या आणि मध्ये कन्व्हेअर बेल्टचे जाड रबर, आणि रबर फाटले तरी शेपूट निसटू नये म्हणून मधून मोकळा बोल्ट, अशी रचना करता आली असती. दिसायला ती ओबडधोबड असते, पण कान तोडत नाही. कोणत्याही परिस्थितीत माप मात्र भाराखाली घ्यायला हवे होते: गाडी जमिनीवर उभी असताना क्रॉस मेंबर ते गिअरबॉक्स हे अंतर मोजून, आणि रबर सुटलेले असल्यास सर्व्हिस मॅन्युअलमधल्या कोनाशी ताडून.

वेल्डिंगबाबत माझे मत आजही विभागलेले आहे. ते टिकले आहे. पण गाडी ट्रॅकवर नेण्याचा विचार असता तर मी मिस्त्रींच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि नव्या घराची वाट पाहिली असती.

हा मुद्दा आता प्रत्यक्षात आला आहे. मालकांना कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एकदा गाडी चालवायची आहे. तेथपर्यंत हजार किलोमीटरहून अधिकचा रस्ता गाडीने स्वतःच कापायचा असल्याने ठोस फाउंडेशनचा विषय पुन्हा निघालेला नाही. जाण्यापूर्वी शेपटाचे नवे घर बसवायचे, इंजिनाखाली मध्यम कठीणतेची फाउंडेशन लावायची आणि गिअरबॉक्सखाली मूळ रबरच ठेवायचे, असे आमचे ठरले आहे. घराची मागणी नोंदवली आहे.